बाबांचा डावा कान

रविवार, १८ जानेवारी २०२६

आधी दुरुस्ती. दिवाळीनंतरच्या एका नोंदीत मी लिहिलं आहे की बाबा सैन्यात तोफ चालवायचे. ते खरं नाही. बाबा तोफखान्यात होते, पण आचारी होते. ते पान मी फाडलेलं नाही. चुकीच्या ओळीवर रेघ मारून बाजूला आजची तारीख घातली आहे.

चूक या वहीपुरती असती तर इतकं लागलं नसतं. पण तीच ओळ मी बाबांच्या अर्जातही लिहिली होती: 'तोफेवर काम करताना डाव्या कानाने ऐकू येणे बंद झाले.' कान नोकरीमुळे गेला हे सैन्याने मान्य करावं, यासाठी तो अर्ज होता. नामंजुरीचं पत्र काल आलं. अर्जदार आचारी होता आणि आचारी तोफेजवळ नसतो, असं त्यात आहे. सेवा संपताना त्याने कसलीही तक्रार सांगितली नव्हती. पुढे तो तारापूर एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात मागांच्या आवाजात कामाला होता, तेव्हा कान तिथेच गेला असणार.

पत्र इंग्रजीत होतं. मी बाबांच्या उजव्या बाजूला बसून मराठीत सांगत गेले. 'आचारी' शब्द आला तसे ते दाराकडे बघायला लागले.

"आचारी लिवलाय त्यांनी?"

"हो. खरं आहे का ते?"

"खरं हाय. मोठ्यानं वाचू नको."

मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलं? तर म्हणाले, "तू इचारलं नाय." हेही खरंच आहे. मी 'तोफखाना ना?' असं विचारलं होतं आणि ते 'हा' म्हणाले होते. बाकीचं मीच मनाने भरलं. सगळ्या पाड्याचे कागद मी लिहिते, कारण बेटेगावच्या या बाजूला दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. बाबा आश्रमशाळेत आठवीपर्यंत, आई शाळेत गेलीच नाही. लोक माझ्या अक्षराकडे बघून अंगठा उठवतात. आणि बापाच्याच कागदावर मी खोटं लिहिलं.

मला खोटं लिहायचं नव्हतं. पण वाचणाऱ्या साहेबांना ते कसं कळणार?

बुधवार, २१ जानेवारी

दवाखान्यातून अर्धा दिवस सुटी घेतली. (बोईसरच्या दवाखान्यात मी पेशंटची नावं लिहून घेते आणि नंबर आला की हाक मारते.) पालघरला वकील चारुता राऊत यांच्याकडे गेले. त्या केळव्याच्या, माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. टेबलाखाली त्यांच्या वाडीतल्या शहाळ्यांची गोण होती.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. म्हणाल्या, "सपना, अपील करता येईल. नोकरी संपून वर्षं लोटलीत, उशीर झालाय, पण दार बंद नाही. आपल्याला फक्त एक गोष्ट दाखवायची आहे. कारखान्यात पाय ठेवण्याआधी, सैन्यात असतानाच कान गेलेला होता."

"कारखान्याचं काय सांगायचं?"

"जे आहे ते."

हे ऐकून बरं वाटलं. घरी आई म्हणत होती, कारखान्याचं नावच काढू नकोस, कोण बघायला येतंय. मी तिला सांगितलं, आधीच एक चूक झाली आहे, आता मी काही लपवणार नाही. तर ती म्हणाली, "तू शिकलीस ती भितरी झालीस."

राऊत मॅडम म्हणाल्या, साक्षी शोध. त्या वेळचं पाहिलेलं माणूस हवं, आणि शक्यतो घरचं नको. घरचे तर बाजूनेच बोलणार.

सोमवार, २६ जानेवारी

शाळेचं झेंडावंदन. दर वर्षीप्रमाणे बाबांना बोलावलं होतं. कडक इस्त्रीचा शर्ट, छातीवर दोन पदकं. हेडमास्तर म्हणाले, "आपल्या पाड्याचे जिवल्या वरठा, शत्रूवर तोफेचे गोळे डागणारे!" टाळ्या झाल्या. बाबांनी दोरी ओढली, सलाम केला. बोलायला सांगितलं तर नुसते हात जोडले.

मला वाटलं होतं की मला लाज वाटेल. तसं झालं नाही. बाबांचा हात कपाळाशी इतका सरळ होता की पुढच्या ओळीतल्या पोरांनी आपापले हात तपासले. पण घरी आल्यावर त्यांनी पदकं काढून खिशात टाकली आणि शर्ट न बदलता लाकडं फोडत बसले.

रविवार, १ फेब्रुवारी

आज बाबांनी सांगितलं. आमच्या पाड्यात लग्नाचं जेवण असलं की मोठी भांडी बाबांच्या ताब्यात असतात, लोक विचारतही नाहीत. आज चुलतभाऊ हितेशच्या सुपारीचं जेवण होतं. मी कांदे चिरायला बसले होते, बाबा उजवा कान माझ्याकडे करून भात बघत होते. दुसरं कोणी जवळ नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करते.

"द्रासच्या बाजूला होतो, नव्व्यान्नवला. आमचा लंगर तोफांच्या मागं, दगडाच्या आडोश्याला. आचाऱ्यानं तिथंच रांदायचं. पन तोफंवाला जेवायला खाली कसा येईल? मंग मीच वर जायचो, चा घेऊन, पुऱ्या घेऊन. एकदा वर गेलो तं दोन मानसं जखमी. गोळे उचलायला मानूस नाय. मी किटली ठेवली नि उचलाय लागलो. परत कोन खाली जा बोललाच नाय."

"कानात काही घालायचे का?"

"द्यायचे ते कवाच हरवले. मी कनकंची बुचं केली. तेल लावून, बोटाएवडी. सगल्यांच्या कानात घातली. कनिक मलायला मी होतो ना!" इथे ते हसले. "माजं डावं पडलं गोळा उचलताना. हात मोकला नव्हता. कानातून रगत आलं, मंग शिटी वाजाय लागली. ती अजून वाजते."

मला आजपर्यंत शिटीचं माहीत नव्हतं. बाबा सैन्यातून परतल्यापासून पंधरा वर्षं मी त्यांच्याजवळ राहते.

"सेवा संपताना डॉक्टरला का नाही सांगितलं?"

"लाईनीत उभं केलं. सायब इचारतो, सब ठीक? पुडचा बोलला ठीक साब. त्याच्या पुडचा बोलला ठीक साब. ज्यानं सांगतलं त्याला हास्पिटलात ठेवायचे, घरी जायचं लांबायचं. तू लहान होतीस. मी बोललो ठीक साब."

मग झाकण काढून भाताचं शीत बोटाने दाबून बघितलं. "मला पैका मिलो, न मिलो. कान कुटं गेला ते त्यांनी लिवून देवं. कारखान्यात गेला असं नको."

"मग आचारी होतात हे सांगावं लागेल, बाबा. पाड्यालाही कळेल."

मी बोलत असतानाच ते उठून चुलीतलं लाकूड मागे ओढायला वळले. मी त्यांच्या डाव्या बाजूला आले होते, म्हणून कदाचित ऐकलं नसेल. की ऐकलं होतं? मला ठरवता आलं नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

बाबांच्या जुन्या फोनमधून हवालदार प्रताप यांचा नंबर सापडला. ते साताऱ्याकडचे, त्या वेळी तोफेवर होते. फोन लावला. मी आधी सगळं कागदावर लिहून घेतलं होतं, त्यातलं पहिलंच वाक्य चुकलं.

"जिवल्याची लेक? जिवल्या वरठाची?" ते ओरडलेच. "अगं पोरी, त्याच्या कणकेनं आमचे कान वाचले! माझे दोन्ही धड आहेत बघ, तुझं एवढं बारीक बोलणं ऐकतोय ना? आणि त्याचा कान गेला म्हणतेस?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"रक्त बघितलं होतं. मीच पट्टी दिली. पण नंतर तो कधी बोलला नाही, आणि लगेच माझी बदली झाली. त्याला आचारी म्हणून काय नाकारतात? त्या आठवड्यात तो जेवढे गोळे उचलत होता तेवढ्या पुऱ्या पण लाटत होता. लिहून देतो. शपथेवर देतो."

मग म्हणाले, फोन त्याला दे. मी बाबांच्या उजव्या कानाला लावला. बराच वेळ बाबा फक्त "हा सर, हा सर" म्हणत उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. फोन ठेवल्यावर आईला म्हणाले, "आज भाकऱ्या मी करतो." घरात त्यांनी भाकऱ्या केल्याचं मला आठवत नाही. आईने पीठ पुढे सारलं. भाकऱ्या आईच्या भाकऱ्यांपेक्षा पातळ आणि गोल झाल्या. आईने त्या बघितल्या आणि म्हणाली, "इतकी वर्सं माज्याकडून थापून घेतल्यास काय रं!"

मॅडमना कळवलं. म्हणाल्या, छान, तोफेजवळ होते हे आलं. पण रक्त आलं म्हणजे कान कायमचा गेला असं होत नाही. बरा झाला, मग कारखान्यात गेला, असं ते म्हणतील. मधल्या काळातलं कोणीतरी हवं.

मधल्या काळात बाबा वर्षातून एकदा रजेवर यायचे. कोण सांगणार?

रविवार, १५ फेब्रुवारी

साक्षीचं काही पुढे गेलं नाही. आजचा दिवस हितेशच्या लग्नाच्या आमंत्रणात गेला.

आमच्यात लग्न धवलेरी लावते. तीच गाणी म्हणते आणि मधे मधे नवरानवरीला काय करायचं ते सांगते. आमच्या भागातली सगळ्यात जुनी धवलेरी लखमी आजी. आई आणि मी नारळ घेऊन तिला बोलवायला गेलो. ती अंगणात मोहाची फुलं निवडत होती.

"कोनाची गो ही? जिवल्याची? मंग बस तकडं, लांब."

आई हसली. "आजी, जुनं झालं तं आता."

"जुनं? मांडवात माजा मान गेला, तो जुना होतो काय? मी बसलेली त्याच्या डाव्या हाताला. गानं म्हनते नि मधीच सांगते, जिवल्या, तांदूल घे. नाय घेत. परत सांगते. तोरनाकडं बगतो! तिसऱ्यांदा सांगतलं, तरी दगूड. सगली लोकं हसली. मिलिटरीत गेला, पायात बूट आले, मंग धवलेरी कोन त्याची? त्याच्या भावकीच्या मांडवात मी पाय ठेवायची नाय."

"मंग मीच कोपर मारलं ना त्याला," आई म्हणाली.

"तू चांगली होतीस म्हनून लगीन झालं. नायतर मी उटून जायची होते."

नारळ तिने ठेवून घेतला, पण येईन असं म्हणाली नाही. आजीचं वय झालं आहे. एवढ्या वर्षांचा राग लिहून ठेवण्यासारखा नाही, पण आई वाटेत सारखी हसत होती म्हणून लिहिला. आता हितेशसाठी दुसरी धवलेरी बघावी लागेल. सफाळ्याकडे एक आहे म्हणतात.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

मी किती मंद आहे.

दवाखान्यात आज एक म्हातारे गृहस्थ आले होते. त्यांचा नंबर मी तीनदा पुकारला, ते उठले नाहीत. मागची बाई म्हणाली, "बघा माज. बोलावतायत तर बसून राहिलाय." मी उठून त्यांच्या खांद्याला हात लावला. ते दचकले, ओशाळून हसले, कानाकडे बोट दाखवलं.

आणि मला लखमी आजीचं बोलणं आठवलं. डाव्या हाताला बसलेली. तीनदा सांगितलं. तोरणाकडे बघतो.

आईबाबांचं लग्न मार्च २००० मध्ये झालं. द्रासनंतर पहिल्याच रजेत. कारखाना त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी.

घरी येऊन आईला विचारलं, तुला माहीत होतं?

"पयल्याच दिशी. मी हलू बोलायची तं वल्लांडून उजवीकडं यायचा."

"मग मांडवात सांगितलं का नाहीस? इतकी वर्षं आजी रागावून बसली आहे."

"नवऱ्याचं उणं मांडवात सांगू काय? माजलाय बोलली तं बोलू दे. बहिरा बोलायला नको."

मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "सपना, हिच्याइतकी चांगली साक्षी मिळणार नाही. ती तुमच्या बाजूची नाही. ती तर रागावलेली आहे. आणि लग्नाची तारीख सैन्याच्याच कागदात असते." मग हसून म्हणाल्या, "तिला आणायचं कसं ते मात्र तू बघ."

रविवार, २२ फेब्रुवारी

गेले. एकटीच. वाटभर काय बोलायचं ते ठरवलं होतं. पोचल्यावर सरळच सांगितलं: आजी, बाबांना त्या दिवशी ऐकूच आलं नव्हतं. तोफांनी डावा कान गेला होता.

तिने मोहाची फुलं निवडायचं थांबवलं.

"म्हंजे मी बहिऱ्यावर रुसले?"

"हो."

"इतकी वर्सं?"

"हो, आजी."

"त्याच्या दोन भावांची लग्नं लावली नाय मी!" मग एकदम चिडली. "नि तो बोलला काय नाय? तोंड तं होतं ना? माजी चूक नाय हां. मी मोठ्यानं सांगतलं होतं. माजा गला तवा डोंगराच्या तकडं ऐकू जायचा."

"तेच सांगायचं आहे. वकिलांपुढे. तुम्ही मोठ्यानं सांगितलं, तीनदा, आणि त्यांना ऐकू आलं नाही."

"गाऊन दाखवू काय?"

"नको. नुसतं सांगायचं."

मग मला सगळं खरं सांगावंसं वाटलं. शपथेवर बोलणाऱ्या माणसाला अर्धं माहीत असणं बरोबर नाही. मी म्हटलं, आजी, अजून एक. बाबा तोफ चालवायचे नाहीत. ते आचारी होते.

ती मला खुळी समजल्यासारखी हसायला लागली. "ते काय सांगतेस गो? सगल्या पाड्याला म्हाईत हाय. यवडाल्या टोपातला भात एकटा उतरवतो, करपू देत नाय, हजार मानसाला मीठ बरोबर पडतं. तोफवाल्याला हे जमंल काय? आमीच बोलत नाय. त्याला तोफवाला म्हनवून घ्यायचं, तं आमी म्हनतो. जेवन तं चांगलं घालतो!"

मी हसू लागले आणि मधेच रडू आलं. आजीने मोहाची मूठभर फुलं माझ्या ओढणीत टाकली. "त्याला सांग, हितेशचं लगीन मीच लावनार. नि बसनार उजव्या हाताला."

गुरुवार, ५ मार्च

होळीच्या धामधुमीत लिहायचं राहिलं. बाबांना मी सगळं सांगितलं, पाड्याला माहीत आहे तेही. होळीला ते स्वतःहून जेवणाच्या मांडवाकडे गेले आणि माणसं जमलेली असताना म्हणाले, "द्रासला तीनशे मानसाचं जेवन करायचो मी. हे काय हाय!" पाड्यातले मिथुनकाका म्हणाले, "म्हंजे आमी तवापासून मिलिटरीचं जेवतो म्हन!" सगळे हसले. बाबाही हसले, आणि पळी इतकी जोरात फिरवली की आमटी बाहेर सांडली. ही एकच आमटी त्यांच्या हातून सांडलेली मी पाहिली.

आज त्यांचं म्हणणं लिहून घ्यायला बसले. मी सुरुवात केली, 'मी जिवल्या वरठा, भूतपूर्व सैनिक...' बाबांनी हात वर केला.

"आचारी लिव. पयलं तेच लिव. मंग कनिक लिव, मंग गोळे. कारखान्याचं पन लिव, तिथं माग मोट्यानं वाजायचे, खरं हाय. पन तिथं गेलो तवा मी डाव्या कानानं मागाचा आवाज ऐकतच नव्हतो."

मी ते तसंच लिहिलं. एकही शब्द बदलला नाही. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं, तर त्यांनी मान हलवली आणि माझ्या अक्षराकडे बराच वेळ बघत राहिले.

बुधवार, ११ मार्च

मॅडमकडे कागद तयार आहेत. साताऱ्याहून प्रतापकाकांचं शपथपत्र आलं. कानाची नवी तपासणी झाली. डॉक्टरांनी लिहिलं आहे की अशी हानी मोठ्या स्फोटाच्या आवाजाने होऊ शकते. 'झालीच' असं त्यांनी लिहिलं नाही, आणि मी तसा आग्रहही धरला नाही. अपील मान्य होईलच असं मॅडम म्हणत नाहीत. मला ते विचारायची भीती वाटते.

एक गोष्ट राहिली आहे. पहिल्या अर्जातली 'तोफेवर काम करताना' ही ओळ. मॅडम म्हणाल्या, लिहिणाऱ्याची नजरचूक असं एका वाक्यात घालू, तुझं नाव नको, तुला पुढे सरकारी नोकरीचे फॉर्म भरायचे आहेत. मी रात्रंदिवस तेच डोक्यात घेऊन फिरत होते. आज सांगितलं: माझं वेगळं शपथपत्र करा. ती ओळ माझी आहे, बाबांनी मला तसं सांगितलं नव्हतं, मी न विचारता लिहिलं. नाहीतर वाचणाऱ्याला बाबाच खोटारडे वाटतील.

मॅडम म्हणाल्या, "भीती वाटत नाही?"

वाटते. पण सही आचाऱ्याच्या मुलीची असेल, आणि मला ती स्वच्छ हवी आहे.

आजीने विचारलं, शपथ घ्यायला नवं लुगडं लागेल काय? मी म्हटलं, आहे ते चालेल. तिने सुनेला नवंच काढायला सांगितलं आहे. हितेश गाडी आणणार आहे.

जायचं ठरलं आहे सोमवारी, १६ मार्चला, सकाळी, पालघरला. आधी माझी सही.